ह्याला अर्थ नाही

मराठीत समीक्षा कशाची झालेली नाही? कवितेची झाली, कादंबरीची झाली, नाटकाची तर कधी कधी नाटक बसायच्या आधीच झाली. समीक्षेचीसुद्धा समीक्षा झाली, तिच्यावर परिसंवाद झाला आणि अध्यक्षीय समारोपानंतर चहाही झाला. पण जो मजकूर मी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी साडेनऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते (रस्ता कुठं खणलेला नसेल तर) पावणेसात एवढा वेळ जीव मुठीत धरून वाचतो, त्याच्यावर कुणा समीक्षकानं एक ओळ खर्च केलेली माझ्या पाहण्यात नाही. मी माझ्या गाडीच्या डॅशबोर्डाबद्दल बोलतोय.

तुम्ही म्हणाल, डॅशबोर्ड हे काय वाचायचं पुस्तक आहे? आहे. त्यात आशय आहे, प्रतिमा आहेत, भरपूर संदिग्धता आहे. आणि मुख्य म्हणजे बहुसंख्य वाचकांना तो कळत नाही, पण तसं म्हणायची कुणाची छाती होत नाही. अभिजात म्हणायला आणखी काय लागतं?

माझा अधिकार विचाराल तर तो अगदीच तुटपुंजा. मी कॉमर्सचा पदवीधर. एफ.वाय.ला भाषेचा एक पेपर होता, त्यात मी पास झालो ह्याचं परीक्षकाइतकंच मलाही आश्चर्य वाटलं होतं. त्यानंतर बँकेत लागलो. समोरचा आकडा खरं बोलतोय की नुसता नीटनेटका दिसतोय, एवढी एकच समीक्षा मला येते. पण डॅशबोर्डाला तेवढी पुरते.

आधी नावाची व्युत्पत्ती. समीक्षेत ही द्यावीच लागते. त्यानं पान भरतं. डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीच्या पुढच्या बाजूला एक आडवी फळी असे. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून. पुढं घोडा गेला, फळी राहिली, आणि घोड्याच्या जागी आलेल्या यंत्राचे हालहवाल सांगायला त्याच फळीवर घड्याळं बसवली. पूर्वी ती चिखल अडवायची. आमच्या गाडीत तो तिथूनच उडतो.

आता प्रस्तुत कृतीविषयी. गाडी २००६ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. माझ्याकडे ती २०१४ साली दुसऱ्या हातानं आली. पंधरा वर्षं झाल्यावर आर.टी.ओ.तून तिचं पाच वर्षांचं नूतनीकरणही करून घेतलं. ह्या देशात पंधरा वर्षांनंतर माणसाच्या लग्नाचंसुद्धा नूतनीकरण मागत नाहीत, पण गाडीचं मागतात. असो.

ह्या डॅशबोर्डात एकूण चार लेखक आहेत: वेगाचा काटा, किलोमीटरचे आकडे, पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा. शिवाय दिव्यांचा एक कोरस.

वेगाचा काटा मला लेखक म्हणून सर्वांत प्रिय. आमच्या गाडीत तो जुन्या पद्धतीचा, केबलवर चालणारा आहे. गिअरबॉक्समधून एक केबल फिरत वर येते. तिच्या टोकाला लोहचुंबक. चुंबकाच्या भोवती अॅल्युमिनियमची एक वाटी, आणि वाटीला काटा. गंमत अशी, की चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठंही टेकलेले नसतात. अॅल्युमिनियमला तर चुंबक चिकटतही नाही. पण चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्यामागं ओढली जाते. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागं खेचत असते. ह्या दोघांच्या रस्सीखेचीत काटा जिथं स्थिरावतो तो आपला वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसानं १९०२ साली ह्याचं पेटंट घेतलं. एकजण सारखा फिरतोय, दुसरी त्याला न टेकता त्याच्यामागं ओढली जातेय, आणि मागून कुणीतरी तिला सारखं 'परत फिर' म्हणतंय. १९०२ नंतर मराठी रंगभूमीवर ह्या कथानकाचे किती प्रयोग झाले असतील, ते जाणकारांनी मोजावं.

आमची केबल मात्र कोरडी पडलेली आहे. त्यामुळं काटा तीस आणि पन्नासच्या दरम्यान थरथरतो आणि आतून रातकिड्यासारखा आवाज येतो. ही म्हणते, "अहो, हा काटा नक्की कुठं बघायचा?" मी म्हणतो, "सरासरी काढ." कॉमर्सचं शिक्षण वाया जात नाही म्हणतात ते असं.

पण काटा थरथरला नाही तरी तो खरं सांगतो असं नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा एक नियम आहे. युरोपात आणि इतरही बऱ्याच देशांत तो मानतात. त्यात म्हटलंय, की काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवायला हरकत नाही; खऱ्या वेगाचा एक दशांश अधिक चार किलोमीटर, एवढ्यापर्यंत. म्हणजे गाडी ताशी ८० नं चालली असेल तर काट्यानं ९२ दाखवलं तरी चालेल, पण ७९ दाखवलं तर गुन्हा. साहित्यात ह्याला अतिशयोक्ती अलंकार म्हणतात. आमच्याकडे अकाउंटन्सीत ह्याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात: नफा हातात पडेपर्यंत धरू नका, तोटा मात्र नुसता दिसला तरी लिहून टाका. त्यामुळं मला ह्या काट्याबद्दल आदर वाटतो. तो खोटं बोलतो, पण नियमात बसून, एकाच बाजूला आणि आपल्या भल्यासाठी. इतकं शिस्तीचं खोटं मी माणसांत फार पाहिलेलं नाही.

किलोमीटरचे आकडे हे आत्मचरित्र. सगळ्या आत्मचरित्रांप्रमाणे ह्यातही प्रसिद्धीपूर्वी, म्हणजे विक्रीपूर्वी, काही मजकूर गाळण्याची प्रथा आहे. मी गाडी घेतली तेव्हा मीटरवर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर होते. आठ वर्षांच्या गाडीला ही फार सात्त्विक जीवनशैली झाली. माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकनं मीटरकडं पाहिलंसुद्धा नाही. तो खाली वाकला आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर चाचपून म्हणाला, "साहेब, ह्या रबरानं लाख पाहिलेत." रबराची नक्षी गुळगुळीत झाली होती. त्या रबराच्या साक्षीवर मी वीस हजार कमी करून घेतले. मूळ पोथी मिळाली की संपादित आवृत्तीचा भाव उतरतो.

पेट्रोलच्या काट्याची शैली आमच्या पगारासारखी आहे. टाकी भरल्यावर पहिले शंभर-सव्वाशे किलोमीटर तो जागचा हलत नाही. माणसाला वाटतं, ह्या महिन्यात शिल्लक पडणार. अर्ध्यावर आला की मात्र जिन्यावरून पडल्यासारखा खाली येतो. कारण साधं आहे. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल उतरेल तसा तो खाली जातो आणि वर काट्याला कळवतो. पण टाकी गळ्यापर्यंत भरली की गोळ्याला आणखी वर जायला जागाच नसते. वरचं पेट्रोल त्याच्या हिशेबात येतच नाही. शिवाय टाकी काही चौकोनी डबा नव्हे. तिला सीटखाली मावायचं म्हणून नाना ठिकाणी पोट आत घ्यावं लागतं. गोळा उंची मोजतो आणि आपण लिटर समजतो. पुस्तकाची पानं मोजून लेखकाची उंची ठरवण्यासारखंच हे.

दिव्यांचा कोरस हा ह्या कृतीतला नवकाव्याचा भाग. एक दिवा अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा दिसतो. तो घासून राक्षस येत नाही. तो पेटलेला असताना तुम्ही गाडी चालवत राहिलात तर मेकॅनिक येतो. (ऑइलचं प्रेशर गेलेलं असतं.) एक लाटांत बुडणाऱ्या किल्लीसारखा. ती किल्ली नसून थर्मामीटर आहे, असं मला पुस्तिकेत सापडलं. पण हा कोरस एक गोष्ट फार सुंदर करतो. किल्ली फिरवली, की इंजिन चालू व्हायच्या आधी हे सगळे दिवे एकदम पेटतात आणि मग एकेक करून विझतात. लोकांना वाटतं ही शोभा आहे. ती शोभा नव्हे, हजेरी आहे. जो दिवा किल्ली फिरवल्यावर पेटला नाही तो गचकला आहे, आणि उद्या संकट आलं तरी तो बोलणार नाही. आमच्या बँकेत काही रिपोर्ट दर महिन्याला वरच्या ऑफिसला जातात. सांगण्यासारखं काही नसलं तरी 'निरंक' असं लिहून जातातच. नव्या पोरांना वाटतं हा मूर्खपणा आहे. पण ज्या शाखेकडून निरंकसुद्धा आलं नाही, तिथं साहेब पहिल्या गाडीनं जातो. बॅटरीचा दिवा तर ह्याच्याही पुढचा. जुन्या धाटणीच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट ह्याच दिव्यातून जातो. दिवा उडाला तर बातमी जाते, आणि बातमीबरोबर कधी कधी बॅटरीचं चार्जिंगही जातं. बातमीदार मेला म्हणून घटना घडली, असं साहित्यात क्वचितच होतं.

आता मुख्य दोषाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या डॅशबोर्डानं एकाएकी प्रयोगशील व्हायचं ठरवलं. उजवीकडचा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर मान डोलवू लागला. टिक-टिक-टिक, वर-खाली-वर. वळण संपलं की पुन्हा गंभीर. आणि हेडलाइट लावले की तापमानाचा काटा थेट लाल रेघेला जाऊन भिडायचा. दिवे बंद केले की मुकाट्यानं मध्यावर. सुरुवातीला आम्हाला ह्याची मजा वाटायची. पाहुण्यांना दाखवायचो. "बघा हं, आता पेट्रोल वाढवून दाखवतो," म्हणून मी इंडिकेटर द्यायचो. शेजारचे काका म्हणाले, "अरे, मग उजवी वळणं घेतच ऑफिसला जात जा. पंपावर जायला नको."

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. एका मोठ्या वर्कशॉपात टाय लावलेल्या मुलानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "सर, पूर्ण मीटर चेंज करावं लागेल, नऊ हजार." काय बिघडलंय असं विचारलं तर म्हणाला, "मीटर बिघडलंय, सर." हा निदानाचा प्रकार मला पुस्तकांच्या परीक्षणांतून चांगला परिचयाचा आहे. दुसऱ्या एकानं जुन्या बाजारातून मोडीतलं मीटर आणून बसवायचा सल्ला दिला. पण त्यात कुणा परक्या गाडीचे किलोमीटर असणार. एकाचं शरीर आणि दुसऱ्याचं आत्मचरित्र, हे केवायसीच्या जमान्यात मला पटेना.

आणि मग एका मे महिन्यात वाईला मुंज निघाली.

आई बरोबर होती. वय शहात्तर, गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी संध्याकाळी साडेसातला. एस.टी.त चढवत नाही, म्हणून गाडी. पुण्याहून निघायला उशीर झाला आणि शिरवळ सोडताना दिवेलागण झाली. खंडाळ्याच्या पुढं खंबाटकी घाट. पुण्याकडून जाताना तेव्हा घाट चढावाच लागे. बोगदा होता तो साताऱ्याकडून येणाऱ्यांना. पुढं-मागं ट्रक, सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेले. मी हेडलाइट लावले. काटा लाल रेघेवर.

रोजचं असतं तर मी हसलो असतो. पण मे महिना, चढ, सोळा-सतरा वर्षांचं इंजिन. आज तो खरंच तापला असेल तर? एरवी खरं वाचायचं तर एकच उपाय होता: हेडलाइट घालवायचे आणि काटा कुठं येतो ते पाहायचं. आणि घाटात अंधारात हेडलाइट घालवले असते, तर काटा कुठं आला ते सांगायला आम्ही उरलो नसतो. इतकी वर्षं मी संदिग्धतेचं कौतुक करणारी परीक्षणं वाचत आलो. त्यातला एकही परीक्षक त्या वेळी गाडीत नव्हता.

खामजाईच्या देवळापाशी जागा बघून गाडी बाजूला घेतली. चारी इंडिकेटर लावले. पेट्रोलचा काटा मान डोलवू लागला.

"काय झालं रे?" मागून आई.

"काही नाही. काटा वर गेलाय."

"मग काट्याला काय विचारतोस? हात लावून बघ की."

मी उतरून बॉनेटला हात लावला. गरम होतं. पण गरम म्हणजे किती? तेवढ्यात आई दार उघडून, गुडघ्यावर हात ठेवत उतरली. पुढं आली आणि पालथा हात बॉनेटवर ठेवून उभी राहिली. तशीच, जशी आमच्या लहानपणी कपाळावर ठेवायची. आमच्या घरात थर्मामीटर होता. पण तो कपाटात असे आणि फक्त डॉक्टरांना आकडा सांगण्यापुरता बाहेर निघे. आजारी कोण आणि शाळेला कंटाळलेला कोण, ते पालथा हात ठरवायचा.

"कणकण आहे," आई म्हणाली. "ताप नाही."

वाफ नव्हती, वास नव्हता, खाली पाण्याचा थेंब नव्हता. दहा मिनिटं थांबून आम्ही निघालो आणि वेळे, सुरूर करत वाईला सुखरूप पोचलो. रस्ताभर आई एक शब्द बोलली नाही. मांडीवर पाण्याची बाटली धरून, दोन सीटांच्या मधून त्या काट्याकडं टक लावून बसली होती. वाड्यात शिरल्यावर मला कळलं, की साडेसातची गोळी तिनं घेतलीच नव्हती. का, तर बाटलीत पाणी थोडं होतं आणि "गाडीला लागलं असतं तर?"

मी तिच्यावर रागावलो. ती म्हणाली, "अरे, तो लाल दाखवत होता ना?"

एका काट्याच्या थापेपायी म्हातारीची गोळी तासभर पुढं गेली. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना इंडिकेटर देऊन दाखवणं बंद केलं.

पुण्याला परतल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी नाना पेठेत एका वायरमनकडे गेलो. फूटपाथवर स्टूल, भिंतीला वायरींच्या माळा, दुकान असं नाहीच. पन्नाशीचा माणूस. मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं: पेट्रोलचा काटा, तापमानाचा काटा, मोठं वर्कशॉप, नऊ हजार, घाट, आई. तो स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणा पडला होता. हातात टेस्ट लॅम्प. माझं सांगणं संपलं आणि आतून आवाज आला:

"साहेब, ह्याला अर्थ नाही."

मला वाटलं, माझ्या बोलण्याबद्दल म्हणतोय. बँकेत काउंटरवर मी हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकतो. पण तो बाहेर आला आणि म्हणाला, "मीटरला अर्थ मिळत नाही. अर्थिंग गेलीय."

मग त्यानं समजावून सांगितलं ते असं. गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला करंट न्यायला एकेक वायर असते. पण परत यायला वेगळी वायर नसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं. (म्हणजे सबंध गाडीच ऋणात असते. हे मला बँकेत असल्यामुळं आधीच ठाऊक होतं.) मीटरच्या मागून एक वायर निघून एका स्क्रूनं बॉडीला टेकते. तो स्क्रू गंजला, ढिला झाला, की करंटला घरी जायचा रस्ता राहत नाही. मग तो दुसऱ्याच्या दारातून घुसतो. इंडिकेटरचा करंट पेट्रोलच्या काट्यातून वाट काढतो, हेडलाइटबरोबर लागणाऱ्या मीटरच्या दिव्याचा तापमानाच्या काट्यातून. काटे बिचारे निर्दोष. त्यांच्या अंगावरून जे गेलं ते त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं.

"पण तुम्हाला एवढ्यात कसं कळलं?" मी विचारलं.

"एक काटा बिघडला तर काटा बघायचा, साहेब. दोन एकदम बिघडले तर दोघांच्यात काय आहे ते बघायचं."

मी चाट पडलो. अहो, आमचं अख्खं खातं ह्याच तत्त्वावर चालतं! दोन लेजरांत एकच फरक निघाला तर दोन्ही कारकून एकाच वेळी चुकले असं कुणी धरत नाही. दोघांनी आकडा उतरवला कुठून ते पाहतात. फरकाला नऊनं भाग जात असेल तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असेल, त्रेसष्टचे छत्तीस केले असतील, हे आधी तपासतात. आकड्यांशी भांडत बसत नाहीत. ते टायवालं पोर कॉम्प्युटरवर होतं आणि हा माणूस पाठीवर झोपलेला होता, एवढाच काय तो फरक.

त्यानं स्क्रू काढला, जागा पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, वीतभर नवी वायर टाकली. हेडलाइट लावले. तापमानाचा काटा जिथल्या तिथं. उजवा इंडिकेटर दिला. पेट्रोलचा काटा ढिम्म. तीनशे रुपये झाले. वेगाच्या केबललाही जरा ग्रीस दे म्हटलं तर म्हणाला, "त्याला राहू द्या. तो म्हातारा आहे, आजारी नाही."

ह्या सगळ्यानंतर मी आमच्या मेहुण्याची गाडी परीक्षणाला घेतली. तौलनिक अभ्यासाशिवाय समीक्षा पुरी होत नाही. नवी कोरी गाडी. काटे नाहीतच, काट्यांची चित्रं आहेत. सबंध फळी म्हणजे एक पडदा. हा पडदा फार सुसंस्कृत आहे. आमचा तापमानाचा काटा घाटात थोडा चढतो, उतारावर थोडा उतरतो. हा मध्यावर येऊन जो बसतो, तो बसतोच. मी विचारलं तेव्हा मेहुणा अभिमानानं म्हणाला, "इंजिन परफेक्ट आहे, दाजी." पुढं माझ्या वाचनात आलं, की आताच्या पुष्कळ गाड्यांत हे मुद्दाम केलेलं असतं. पाण्याचं तापमान ऐंशीच्या आसपास असो की शंभराच्या, काटा मध्येच धरून ठेवायचा. कारण काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून वर्कशॉपात येतं. तेव्हा वाचकाला त्रास नको म्हणून मजकूरच सपाट केला. तापमान खरोखर हाताबाहेर गेलं की मग काटा एकदम उडी मारतो.

इथं माझा समीक्षक म्हणून तीव्र मतभेद आहे. आमचा काटा अर्थ सुटल्यामुळं खोटं बोलत होता. तो रोग होता, तीनशे रुपयांत बरा झाला. ह्याचा अर्थ शाबूत आहे आणि तरी तो गप्प बसतो. एखाद्या थकलेल्या खात्यावर कागदोपत्री सगळं नियमित दिसावं आणि एके दिवशी सकाळी ते एकदम बुडित म्हणून यावं, हे प्रकार मी पाहिलेत. असं खातं तपासताना मला दरदरून घाम फुटतो. थरथरणाऱ्या खात्याचं मी निदान कुणाला तरी विचारतो.

बोलायचं तिथं मात्र हा पडदा बोलतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना वेगाची सूचना सक्तीची झाली. ऐंशीच्या वर गेलात की अधूनमधून टुकटुक, एकशेवीसच्या वर अखंड. चांगलं आहे. मेहुण्यानं त्यावर उपाय म्हणून गाणी मोठ्यानं लावलीत.

दिवाळीत त्याचा फोन आला. गाडी दारात उभी होती, चालू होत होती, पण पडदा काळाठिक्कर. वेग नाही, पेट्रोल नाही, घड्याळसुद्धा नाही. कंपनीची माणसं सुट्टीवर. "दाजी, तुमचा तो नाना पेठेतला माणूस येईल का?"

मी वायरमनला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेलो. त्यानं चपला काढल्या, आत बसला, पडद्याकडं बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून टेस्ट लॅम्प इथं लाव, तिथं लाव केलं. दिवा प्रत्येक वेळी लख्ख पेटला. तो बाहेर आला, हात पुसले आणि मेहुण्याला म्हणाला,

"साहेब, ह्याला अर्थ मिळतोय. पण मला काही कळत नाही."